थोरलीच्या निऱ्या

श्रावण सरत आला, महालक्ष्म्या तोंडावर, आणि माझ्या उजव्या हातानं दगा दिला. अंगठा आणि शेजारच्या बोटांना आधी मुंग्या, मग नुसतं लाकूड. करंगळी तेवढी शहाणी राहिली.

आमच्याकडे थोरली-धाकटी अशा दोघी देवींना नऊवारी घरातली थोरली बाईच नेसवते. सासूबाईंनंतर मी. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी माझ्या निऱ्या बघतात, मग देवीचं तोंड. यंदा हात बसावा म्हणून शालू धरला, तर निऱ्या सांडल्या. टाचणी बोटात रुतली, मला कळलंच नाही. रक्त सुनेनं पाहिलं.

"मम्मीजी, मी नेसवू?" निधी माहेरची मालवी, मराठी सासरी येऊन शिकलेली.

"तू? ओढणी स्कूटीच्या चाकात घालतेस, अन् देवीला नऊवारी?"

तिनं त्याच स्कूटीवर घालून मला विजय नगरच्या दवाखान्यात नेलं. आमचे हे मागून सिटी बसनं आले.

डॉक्टर क्षितिजा, सांगलीकडची पोर. मनगटावर टिचकी मारली तशी बोटांपर्यंत वीज गेली.

"आजी, इथं बोगदा आहे. त्यात बोटांची नस चेपलीये. मशीनवर बघत बघत शेजारी औषध सोडते. बांगड्या काढा."

"का म्हणून? हे बाहेर बसलेत, धडधाकट, कचोरी खात!"

"सुई मनगटात द्यायचीय."

"कोपरातून द्या."

"कोपरापासून चालत जाईल होय ती?"

मी उठलेच होते. निधीनं मला खाली बसवलं, साबणाचं पाणी मागितलं, माझा हात मांडीवर घेतला आणि एकेक हिरवी बांगडी उतरवून लगेच आपल्या हातात चढवली. "खाली कुठं ठेवतेय मी? बस, थोडी देर माझ्या हातात." एकही पिचली नाही. हात मी स्वतःच डॉक्टरपुढे केला.

मग मनगटावर गार चिकट काहीतरी लावलं आणि पडद्यावर माझा हात आतून दिसला.

काय सांगू! काळ्या-पांढऱ्या धुक्यात मधाच्या पोळ्यासारखं काहीतरी, घरंच घरं. "ही तुमची नस," डॉक्टर म्हणाली. "बोटं हलवा." हलवली, तर भोवतीच्या दोऱ्या सरसर सरकल्या. साठ वर्षं या हातानं पुरण वाटलं, पोरांना धपाटे घातले, आणि आत हे एवढं चाललेलं, मला न विचारता. सुई चांदीच्या रेघेसारखी आत आली. औषध काळ्या पाण्यासारखं पसरलं आणि दाबून बसलेली नस हळूच सुटी झाली. दुखलं असेल, माझं लक्ष नव्हतं. देव्हाऱ्यापुढे जुळतात तसे हात जोडावेसे वाटले, पण एक हात डॉक्टरच्या ताब्यात.

"सणापर्यंत बरा होईल?"

"व्हायला हवा. वचन देत नाही, आजी. काहींना परत त्रास होतो."

घरी मनगटाला पट्टा बांधून झोपू लागले. रोज सकाळी शालूचा काठ चिमटीत धरून बघायची. लाकूड. लाकूड. महालक्ष्म्यांच्या आगमनाच्या दिवशी न्हाऊन पहिली निरी धरली आणि जरीचा खरखरीतपणा बोटाला लागला. एकेक तार! मी तशीच उभी राहिले. डोळे भरले ते निधीनं बघू नये म्हणून तिला हळद आणायला पिटाळलं.

थोरलीला मी नेसवलं. निऱ्या पडल्या, जशा पडाव्यात. मग धाकटीचा शालू उचलला आणि माझ्याच बोटांकडे बघत राहिले. पडद्यावरचं ते पोळं आठवलं. पुढच्या साली सुटं असेल, नसेल.

"निधी, ये इकडे. ओढणी खोच."

"मी? मम्मीजी, पक्का?"

"तोंड बंद, चिमूट घट्ट. अगं, टाचणीसारखी नको, फूल धरल्यासारखी!"

पहिल्या खेपेला सांडल्या. मी तिचा हात हातात घेतला. तिच्याही मनगटात तेच असणार, सरसर चालणारं. परत धरायला लावलं.