थंड पाण्यातला शर्ट

रक्ताच्या डागाला गरम पाणी लावायचं नाही, हा आमच्या लाँड्रीचा पहिला धडा. गरम लागलं की डाग बसलाच. मग ब्रह्मदेव आला तरी निघत नाही. थंड पाणी, मीठ, हलका हात. सासूबाईंनी शिकवलं आणि मी त्यांच्याही पुढे गेले.

पोलीस चौकीचे कपडे आमच्याकडेच येतात. सोमवारच्या गठ्ठ्यात हवालदाराचा शर्ट होता, दोन्ही बाह्यांवर रक्त. मी विचारलं नाही. धुणाऱ्याने चौकशा करायच्या म्हटलं तर गिऱ्हाईक टिकायचं नाही. माझा धाकटा भाऊ रात्री घरी आला नव्हता, पण मित्राकडे पडला असेल, असं धरून मी शर्ट भिजवला. दुपारपर्यंत कोरा करकरीत निघाला. मी खूश होते.

संध्याकाळी निरोप आला. आदल्या रात्री भावाला चौकीत नेलं होतं आणि तो तिथेच वारला. जिन्यावरून पडला म्हणे. चौकीला जिनाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून शहर पेटलं. चौकात टायर जळत होते, माझ्या भावाचं नाव पोरं घसा फोडून घेत होती. मला रडू येत नव्हतं. मी कपडे भिजवत होते, पिळत होते.

भावाची केस घेतलेल्या वकीलबाई म्हणाल्या, "कुणाच्या कपड्यावर रक्त वगैरे मिळालं असतं तर..."

"होतं. मी धुतलं."

त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

"अगं, तुला काय ठाऊक होतं?" हे म्हणाले. ठाऊक नव्हतं, खरंच. पण हात माझेच होते.

मोर्चावर लाठ्या चालल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला. त्यात त्याच हवालदाराचा शर्ट. कॉलरच्या आत मीच घातलेली लाल दोऱ्याची खूण. छातीवर रक्त, कुणाच्या तरी भावाचं. बादली भरलेली होती. मी पाणी ओतून दिलं, शर्ट न धुताच कागदात गुंडाळला आणि वकीलबाईंच्या हातात देऊन आले.

दोन दिवसांनी हवालदार आला. "माझा शर्ट?"

भिंतीवर यांनी हौसेने रंगवून घेतलंय, 'आजवर एक रुमालही हरवला नाही'. यांचा सगळा मान त्या ओळीत. मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "हरवला."

"हरवतो कसा?"

यांनी इस्त्री उभी केली.

"जिन्यावरून पडला," हे म्हणाले.

आमच्या दुकानालाही जिना नाही.