देव्हाऱ्यातला जपानी डबा

मी डबा बोलतोय. जेवणाचा डबा! हे आधीच सांगून टाकतो, कारण बसवकल्याणजवळच्या कोहिनूर गावात दोन वर्षं ते कुणाच्या गळी उतरलंच नाही.

जपानात सुवासिक लाकडाच्या पातळ फळ्या वाकवून मला घडवलं. आत दोन कप्पे, वर घट्ट झाकण. तिकडं माणसं कामावर जाताना असाच डबा भरतात, फडक्यात बांधतात, खाऊन झालं की धुऊन ठेवतात. मागे कचरा म्हणून काही उरत नाही. माझा मालक पुण्याच्या एका कारखान्यात साहेब होता. दोन हजार आठ साली मायदेशी परतताना त्यानं मला हाताखालच्या महांतेशला दिलं, आणि महांतेशनं सुट्टीत मला गावी आणलं, बायकोसाठी.

त्याची बायको रूपा रोज बसनं बसवकल्याणला शिलाईच्या दुकानात कामाला जायची. भाकरी फडक्यात, पण पिठलं मात्र प्लास्टिकच्या पिशवीत. वर दुकानातल्या लाल दोऱ्याची गच्च गाठ. ती गाठ कधी सुटते का? दुपारी खालचा कोपरा फाडायचा आणि पिठलं भाकरीवर ओतायचं. दुकानात कचरा केला की मालक ओरडतो, म्हणून रिकामी पिशवी परत घरी, आणि घरामागच्या उकिरड्यावर.

मला बघून रूपाचा चेहरा काय खुलला! म्हटलं, चला, कामाला लागलो. कसलं काय! सासूनं, बाणूबाईनं, मला उचलून नाकाशी धरलं.

"वास तर बघ, चंदनावाणी. ह्यात खरकटं कामून करायलीस? मल्लण्णाचा भंडारा ठिवू."

झालं! एका कप्प्यात कुळदैवताचा भंडारा, म्हणजे हळद, दुसऱ्यात कुंकू. आणि ह्या धनगराच्या घरात एकदा भंडारा पडलेल्या भांड्यात अन्न कोण घालणार? रूपा "व्हय, आत्याबाई" म्हणाली आणि चुलीकडं वळली. मला तिचाच जास्त राग आला. बोल की बाई, नवऱ्यानं तुझ्यासाठी आणलाय ना!

रोज सकाळी म्हातारी मला हात जोडायची आणि खाली चुलीपाशी रूपा पिशवीला गाठ मारायची. नुसता जीव जळायचा. अगं, मला नमस्कार नको, पिठलं दे!

मग ढवळी फुगली. रूपाचे सासरे धुळाप्पा, त्यांची ही लाडकी मेंढी. पाठीमागं कोवळं कोकरू. चारा सोडला, पाणी सोडलं आणि गेली. धुळाप्पांनी पोट चिरून पाहिलं, तर आत पिशव्यांचा गोळा. त्यांनी एकेक सोडवून अंगणात ठेवली. लाल दोऱ्याच्या गाठी जशाच्या तशा होत्या.

"मिठाच्या वासानं खातेत," एवढंच ते म्हणाले. सुनेकडं बघितलंसुद्धा नाही.

बाणूबाई आत आली. तिनं मला देव्हाऱ्यातून काढलं, भंडारा पितळी वाटीत ओतला आणि मला घासून रूपापुढं ठेवलं.

"मल्लण्णाला वाटी बास हाय. उद्यापासनं ह्यात ने."

एवढंच! एवढं बोलायला एक जीव जावा लागला? त्या दिवशी चिडलो, तो अजून चिडलेलाच आहे.

आता रोज कामावर जातो. भाकरी माझ्यात मावत नाही, आणि मोडकी भाकरी बांधून द्यायची नाही हा बाणूबाईचा नेम. मग ती गरम असतानाच चौघडी घालून कोंबते. माझा भंडाऱ्याचा पिवळा डाग काही जात नाही. दुकानातल्या बाया विचारतात, "देवाचा परसाद आणलीस का, अक्का?" हसतात, आणि हसता हसता आपापल्या पिशव्यांचे कोपरे फाडतात. हसा बायांनो! पण ती पिशवी जाते कुठं, ते एकदा बघा.

संध्याकाळी रूपा मला धुऊन ओसरीवर ठेवते. ढवळीचं कोकरू येतं आणि मिठासाठी माझ्या कडा चाटतं. रूपा हाकलायला उठते, आणि मग तशीच उभी राहते.

चाट बाबा. मी लाकूड आहे, पोटात जात नाही.