मैंदर्गीची काठोकाठ बरणी

प्रत्येक रोगाला एक आकडा असतो, आणि तो जाडजूड पुस्तकातून हुडकून रुग्णाच्या कागदावर टाकायचा, हे सोलापूरच्या त्या दवाखान्यात विजयमालाबाईंचं काम. १९७४ साल, बाई तशा खमक्या. डॉक्टरांनी रोगापुढे प्रश्नचिन्ह काढलं की कागद सरळ परत. "शंकेला आकडा नसतो, साहेब!"

त्या सकाळी कागद आला मैंदर्गीच्या तिप्पण्णाचा. वय साठ, छातीला सूज, म्हणून घरून बरणीत भरून आणलेली दिवसभराची लघवी तपासलेली. आणि तिच्यात निघालं काय, तर गरोदर बाईचं हार्मोन! पुरुषात असं निघालं तर आत गाठ असण्याचं भय. डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'कॅन्सर? उद्या मुंबईला.'

पण प्रश्नचिन्ह ते प्रश्नचिन्हच. त्या तडक वॉर्डात गेल्या. तिप्पण्णा खाटेवर बसून बैल कुणाला, रान कुणाला, अशी निरवानिरव करत होता. बायको मल्लव्वा आणि सून गिरिजा बाहेर व्हरांड्यात डोळे पुसत होत्या.

बाईंनी मल्लव्वाला गाठलं. "मावशी, ती लघवीची बरणी भरली कुणी?"

"आमीच की."

"आम्ही म्हणजे?"

"नर्सबाई म्हनल्या, दिवसभराचं भरून आना. एवडी मोटी बरणी, ह्यांचं अर्ध्यावर बी येईना! अर्दं भांडं कुनाच्या दारी न्यावं व्हय? मग थोडं मी घातलं, थोडं सुनेनं. काठोकाठ केली, आन् एसटीत मांडीवर धरून आनली. थेंब सांडू दिला न्हाय!"

विजयमालाबाई खांबाला धरून पोट दुखेपर्यंत हसल्या. हसता हसता एकदम थांबल्या. मल्लव्वा तर पंचावन्नच्या पुढची. मग?

दोघींनी एकदमच गिरिजाकडं पाहिलं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता.

"पंदरा दिवस वर गेल्यात, आत्ती," गिरिजा पदराशी चाळा करत पुटपुटली. "पन दरवेळी आशा लागती आन् मोडती. म्हून बोलले न्हाय."

बाईंनी सासऱ्याची आणि सुनेची वेगवेगळी बाटली घेतली आणि प्रयोगशाळेत ठाण मांडलं. आकड्यांचं पुस्तक दिवसभर तसंच उघडं पडून राहिलं. चार वाजता निकाल आला. सासऱ्याचा साफ, सुनेचा पक्का! डॉक्टरांनी कपाळावर हात मारला आणि मुंबई खोडली. सूज कुठल्याशा गोळीनं आली होती, गोळी बंद केली की उतरणार होती.

मल्लव्वानं सुनेला मिठी मारली, आणि दोघींनी असा हंबरडा फोडला की आत तिप्पण्णाला वाटलं, झालं, आपला कारभार आटोपला. त्यानं मुकाट्यानं हात जोडले.

विजयमालाबाई धावतच आत शिरल्या. "अहो मामा, तुम्हाला काहीसुद्धा झालेलं नाही! गिरिजाला दिवस गेलेत! आजोबा होणार तुम्ही!"

तिप्पण्णानं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. जोडलेले हात तसेच.

"म्हंजी," त्यानं हळूच विचारलं, "मी बघनार व्हय त्याला?"

"बघणार म्हणजे? अंगाखांद्यावर खेळवणार!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनाच रडू फुटलं.