डाव्या कोपऱ्यातला मथळा

दोन सख्ख्या भावांचं बोलणं एका लेन्सवरून बंद पडलं, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे. जमिनीवरून आणि दागिन्यांवरून भाऊ वैरी होतात, ते तरी कुठे मोठ्या शहाणपणाचं असतं? यांचं लेन्सवरून झालं, एवढंच.

थोरला लग्नांचे फोटो काढायचा. धाकटा एका मासिकासाठी लेन्स तपासायचा, म्हणजे कुठली किती रेखीव चित्र देते ते बघून निकाल लिहायचा. थोरल्याचं आख्खं आयुष्य एकाच कंपनीच्या काळ्या लेन्सवर गेलं होतं. काही वर्षांपूर्वी धाकट्याने छापलं, की या कंपनीची लांब पल्ल्याची झूम लेन्स कडेला मऊ पडते, म्हणजे पुसट चित्र देते, आणि तिच्यापेक्षा दुसऱ्या कंपनीची पांढरी सरस आहे. झालं, थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. भर जेवणात तो म्हणाला, "लेन्सला काय धाड भरलीय? तुझाच हात हलला असेल." कॅमेरा ट्रायपॉडवर होता, हात लागलाच नव्हता, हे धाकट्याने परोपरीने सांगितलं. थोरल्याने तेच वाक्य पुन्हा ऐकवलं. धाकटा भरल्या ताटावरून उठला आणि तेव्हापासून दोघांचा अबोला.

बरं, अबोला धरायचा तर माणसाने लांब तरी राहावं. हे समोरासमोर, मध्ये फक्त रस्ता. धाकट्याच्या खिडकीतून थोरल्याच्या इमारतीची विटांची भिंत दिसायची, आणि लेन्स तपासायला तशी भिंत शोधून सापडली नसती. सपाट, खिडकीला समांतर, विटांच्या ओळी फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. डाव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात थोरल्याची बाल्कनी यायची. सकाळी, रस्ता तापून हवा नाचायला लागायच्या आत, धाकटा फोटो घ्यायचा. नेमका त्याच वेळी थोरला बाल्कनीत उभा राहून पेपर वाचायचा. कोपरा किती रेखीव आलाय, हे धाकटा त्या पेपरच्या मथळ्यावरून ठरवायचा.

आता माणसाच्या हातातला कागद कुणी तपासणीला घेतं का? नवशिकासुद्धा घेणार नाही. पण थोरल्याच्या हाताची गोष्टच निराळी. अंधाऱ्या हॉलमध्ये, फ्लॅश न मारता, तो नुसत्या हातावर असे फोटो काढायचा की ट्रायपॉडवाले बघत राहायचे. धाकट्याला कॅमेरा धरायला त्यानेच शिकवलं होतं. कोपर बरगडीला टेकव, अर्धा श्वास सोड, मग बटण दाब. भावाचं तोंड बघायचं नव्हतं, पण भावाच्या हातावर त्याचा समोरच्या विटांइतकाच भरवसा होता.

यंदा दोन्ही कंपन्यांनी नव्या झूम लेन्स काढल्या. संपादकांचा फोन आला. "या वेळी मिळमिळीत लिहू नका. कुठली घ्यायची ते सरळ सांगा."

पहिल्या सकाळी पांढरी लावली. थोरला त्या दिवशी पेपर कठड्यावर पसरून, वाकून वाचत होता. मथळा लखलखीत आला. दुसऱ्या सकाळी काळी लावली. उजेड कमी होता म्हणून शटर थोडा जास्त वेळ उघडं ठेवलं, तसं ते आदल्या दिवशीही ठेवलं होतं. मध्यभागी काळी पांढरीपेक्षा केसभर चांगलीच निघाली. पण डाव्या कोपऱ्यात, थोरल्याच्या हातातल्या पेपरचा मथळा एकावर एक दोनदा छापल्यासारखा दिसत होता.

धाकट्याला मनातून उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोला, फुटल्याच. त्याने लिहून टाकलं, "डावा कोपरा ढिसाळ. कंपनी इतक्या वर्षांत काही शिकलेली दिसत नाही." थोरला प्रत्येक अंक विकत घेऊन वाचतो, हे त्याला ठाऊक होतं. आता बोल म्हणावं.

पण कामात तो खुसपट्या होता आणि ते एका परीने बरंच झालं. एकच कोपरा बिघडलेला दिसला तर तीच वस्तू दुसऱ्या कोपऱ्यात आणून बघायची, हा त्याचा नेम. तिसऱ्या सकाळी त्याने कॅमेरा वळवला आणि बाल्कनी उजव्या कोपऱ्यात घेतली. मथळा तिथेही दुहेरी. काल डावीकडे बिघडलेली लेन्स आज उजवीकडे कशी बिघडेल? त्याने चित्र मोठं करून पाहिलं. कठड्याच्या गजांवरचा गंज मोजून घ्यावा इतका स्पष्ट होता. कुंडीची कड स्पष्ट होती. पुसट होता तो फक्त पेपर, आणि पेपर धरलेली बोटं.

घाईघाईने त्याने पांढरी चढवली. थोरला अजून तिथेच होता. तेच आलं.

धाकट्याला एकेक आठवायला लागलं. थोरल्याने लग्नांची कामं सोडली तेव्हा "कंटाळा आला" असं सगळ्यांना सांगितलं होतं, आणि याने ते खरं धरलं होतं. मग थोरल्याने दाढी वाढवली, तेव्हा म्हातारपणी शौक सुचलेत म्हणून हा हसला होता. पेपर कठड्यावर पसरून वाचणं तर परवाच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मेली दृष्टी नुसती विटांवर.

त्याने वहिनीला फोन लावला. तिच्याशी त्याचा अबोला नव्हता.

"वहिनी, दादाचा हात थरथरतो का?"

तिने आधी आवाज खाली आणला. मग म्हणाली, "तुम्हाला कळवायचं नाही म्हणून शपथ घातलीय मला. औषध चालू आहे, पण डॉक्टर म्हणतात हे वाढत जाणार. त्याचंही त्यांना एवढं नाही, भावजी. 'त्याला कळलं तर म्हणेल, तुझाच हात हलतो,' एवढंच धरून बसलेत."

 ढिसाळ कोपऱ्याची ओळ धाकट्याने खोडली, काळी लेन्स उचलली आणि रस्ता ओलांडला.

दार थोरल्यानेच उघडलं. दोन्ही हात खिशात. "काय काम काढलंस?"

"ही नवी काळी." धाकट्याने लेन्स दाखवली. "कोपरा पुसट येतोय. म्हटलं तुला विचारावं."

थोरला लेन्सकडे बघत राहिला. जुनी खोड कुठली जायला. "लेन्सला काही झालेलं नाही," तो फटकन म्हणाला, "तुझाच हात..." आणि वाक्य तिथेच गिळून खाली बघायला लागला.

"हो दादा," धाकटा म्हणाला. "माझाच हलला."

थोरल्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी खोटं बोलताना पकडायचा तेव्हा असाच बघायचा. धाकट्याने नजर चुकवली नाही. आतून वहिनीने विचारलं, चहा दोघांचा टाकू का. 

मग थोरल्याने खिशातून हात काढले आणि तसेच, थरथरत, लेन्स घ्यायला पुढे केले. धाकट्याने ती त्याच्या हातात ठेवली आणि खालचा आपला हात तसाच राहू दिला.