मिलिग्रॅमची रजा

“गेल्या महिन्यात कोणाशी मनमोकळं किती वेळा बोललात?”

“तुम्हाला धरून?”

“मला सोडून, काका.”

“मग शून्य.”

संशोधक मुलीने पेन्सिलीने शून्य काढलं. समोरच्या गृहस्थांनी वाकून त्याचं तोंड नीट मिटलंय ना, याची खात्री करून घेतली.

हे गृहस्थ वजनमाप खात्यात तपासनीस होते. दुकानदारांच्या काट्यांतली खोट शोधणं हे त्यांचं काम. कचेरीत त्यांना सगळे ‘मिलिग्रॅम’ म्हणत, कारण त्यांच्या हातून सुटायचं तर चूक त्याहून लहान असावी लागे. वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं, की तुम्हाला ऑटिझम आहे. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं तुम्हाला जड जातं. दुसऱ्यांना मिलिग्रॅमच्या मनातलं ओळखणं किती सोपं जात होतं, हे मात्र कोणी तपासलं नव्हतं.

बहिणीने फोनवर विचारलं होतं, “अरे, हे कधी झालं तुला?”

“जन्मापासून आहे, ताई.”

“अगंबाई! मग इतकी वर्षं काय केलंस?”

“काढली.”

तेव्हापासून ते हौसेने संशोधनांना जात. कोणी त्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली, कोणी झोप. एकांनी तर मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रात चाळीस मिनिटं घातलं. सूचना दोनच : हलायचं नाही, बोलायचं नाही. इतकं सोयीचं आमंत्रण त्यांना आजवर एकाही लग्नाचं आलं नव्हतं.

पण सगळ्यांत त्यांना आवडली ती या मुलीची खोली. गेल्या सहामाहीतला तिचा छोटा अभ्यास संपला होता आणि आज नवा सुरू होत होता. दोन वर्षं, दर महिन्याचा पहिला गुरुवार. झोप लागते का, कशाची भीती वाटते, असलं ती विचारणार आणि उत्तर लिहून घेणार. आपलं बोलणं कोणी लिहून घेतं, याची मिलिग्रॅमना चटक लागली होती.

मुलीने दुसरा फॉर्म पुढे सरकवला. त्यात एक प्रश्न होता : चित्रांतली माणसं काय विचार करत असतील, हे सांगायची चाचणी पूर्वी दिली आहे का? दिलेल्याला उत्तरं ठाऊक असतात, म्हणून त्याला घ्यायचं नाही, असा नियम होता. मिलिग्रॅमनी ‘हो’वर खूण केली.

मुलीचा चेहरा उतरला. “काका, नक्की हीच होती? बऱ्याच जणांना आठवत नाही हो.”

“हीच. गेल्या वर्षी, दुसऱ्या डॉक्टरांकडे. सोळा चित्रं. सातव्या चित्रातल्या बाईंना दार उघडायचं नसतं.”

“म्हणजे... अंधुक आठवत असेल तर ‘नाही’ लिहिलं तरी...” तिने वाक्य तिथेच सोडलं आणि खोडरबर हळूच फॉर्मजवळ ठेवला.

मिलिग्रॅम खोडरबराकडे बघत राहिले.

“मॅडम, मी काटा तपासायला घेतला, की दुकानदार असाच चहा पुढे करतात.”

मुलगी कानांपर्यंत लाल झाली. “तसं नव्हतं हो माझ्या मनात!”

“नव्हतंच. दुकानदाराला स्वतःची काळजी असते. तुम्हाला वाटतंय, हे इथे आले नाहीत तर कुठे जातील?”

तिने खोडरबर उचलून मुठीत धरला.

“मलाही तेच वाटतंय,” मिलिग्रॅम म्हणाले. “पण मी पाठ केलेली उत्तरं देईन आणि तुमचा आकडा फुगेल. मग माझ्यासारख्यांना सगळं ओळखता येतं, मदत कशाला हवी, असं कोणी तरी त्यावरून ठरवेल. खोटं वजन एकदा काट्यावर चढलं, की पुढची सगळी मापं बिघडतात.”

तिने फॉर्मवर तिरकी रेघ मारली आणि ‘अपात्र’ लिहिलं. रेघ जरा वाकडी आली. मिलिग्रॅमनी ती पाहिली आणि तशीच राहू दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडक्लार्कसमोर अर्ज ठेवला. दोन वर्षांच्या सगळ्या पहिल्या गुरुवारांची रजा त्यांनी आधीच मंजूर करून घेतली होती. ती आता परत करायची होती. अर्जात लिहिलं होतं : ‘संशोधनासाठी यापुढे येण्याची गरज नाही, असे कळवण्यात आले आहे.’

हेडक्लार्कने वाचलं आणि खुर्चीवरून उठलाच. “अहो, म्हणजे बरे झालात की! ऐकलंत का रे, मिलिग्रॅमसाहेब बरे झाले!”

टाळ्या पडल्या. कोणी पाठ थोपटली, कोणी चहा मागवला. “आता एकदम ओके ना?” टायपिस्टबाईंनी विचारलं.

मिलिग्रॅमनी तोंड उघडलं. इतकी माणसं एकाच वेळी त्यांच्या उत्तराची वाट बघत उभी होती, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

“हो,” ते म्हणाले, आणि चहा निवेपर्यंत कप दोन्ही हातांत धरून त्यांच्यात उभे राहिले.