आधी तू

हिरवी साडी नेसण्याआधी सिंधूनं ती घडीसकट गळ्यातल्या चांदीच्या टाकाला टेकवली आणि हळूच म्हणाली,

"आक्का, आधी तू घे, मग मी."

टाकावर कोरलेली बाई म्हणजे दानम्मा, भीमाशंकरची पहिली बायको. पहिल्याच बाळंतपणात ती लेकरासकट गेली होती. सवत मातीची असली तरी सवतच म्हणतात. सिंधूची चांदीची होती. लग्नातच तो टाक गळ्यात पडला आणि त्याच्याबरोबर रीतही. नवी साडी, बांगड्या, वर्षातला पहिला आंबा, सगळं आधी तिला दाखवायचं. ती रुसली तर पाळणा हलायचा नाही, असं सासूबाई शिवकांता सांगायच्या. सिंधूला सुरुवातीला याचं हसू यायचं. पोट दिसायला लागल्यापासून येईनासं झालं.

बाहेर डोहाळजेवणाला बायका जमल्या होत्या. अख्ख्या चाकूरला टँकरचं पाणी, तरी शिवकांताबाईंनी हौसेला कुठं कमी केलं नव्हतं. झोपाळ्याला मोगऱ्याच्या माळा सोडल्या होत्या. परसातला तो मोगरा दानम्मानं लावलेला. गावच्या विहिरींनी तळ गाठला, शेजारचं लिंबाचं झाड वाळून गेलं, आणि हा मात्र फाल्गुनातच कळ्यांनी लगडला. टँकर आला की पहिला तांब्या त्याच्या बुडाशी जायचा हे खरं. पण एका तांब्यावर एवढी फुलं येत नाहीत, हे कुणालाही कळलं असतं.

ओटी भरून झाली तशी शिवकांताबाईंनी सिंधूच्या पदरात आणखी एक वस्तू ठेवली. निळ्या लोकरीचं अर्धवट टोपडं, सुयांसकट.

"दानम्मानं इणायला घेतलं होतं. सुईवर राह्यलेलं काम घरात ठिवू न्हाई. तू पुरं कर."

"अवो, येशाखात लेकरू व्हायचं आन लोकरीचं टोपडं?" शेजारच्या सुमनबाई म्हणाल्या. "काश्मीरला धाडायलात का काय त्याला?"

सगळ्या खो खो हसल्या. शिवकांताबाई हसल्या नाहीत.

माहेरची विहीर आटल्यामुळं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. लातूरचा वेगळा जिल्हा झाल्यापासून भीमाशंकर तिथल्या नव्या कचेरीत असायचा आणि शनिवारचा घरी यायचा. दुपारी सिंधू परसाच्या दारात विणत बसायची. दानम्माचे टाके सैल, सिंधूचा हात आवळ. एकीचं संपून दुसरीचं जिथं सुरू झालं होतं, ती ओळ डोळे मिटूनही बोटाला लागायची. शेवटच्या थोड्या ओळी राहिल्या आणि लोकर संपली. भीमाशंकरनं लातूरची दुकानं पालथी घातली, तसला निळा कुठं मिळाला नाही. सिंधूला बरंच वाटलं.

एकदा धीर करून तिनं विचारलं,

"आत्याबाई, लेकरू झाल्यावर त्येबी आधी तिलाच?"

"मग? साडीचोळी दावायची आन लेकरू लपवायचं? बारशाच्या सकाळी मोगऱ्याखाली ठिवायचं, म्हणायचं, आन उचलायचं."

"म्हंजी 'घे' म्हणायचं?"

"रीत हाय, सिंधू. साडी काय घेतली का तिनं? बांगड्या घेतल्या?"

सिंधूला ते पटलं नाही. साडीची गोष्ट वेगळी होती. दानम्माचं साडीवाचून काही अडलेलं नव्हतं.

वैशाखात मुलगी झाली. सिंधूला इतका आनंद झाला की त्या आनंदाचीच तिला भीती वाटायला लागली. लेक झोपली तरी ती तिच्या नाकाशी बोट धरून बघायची.

बारशाच्या आदल्या दिवशी टँकरचा भोंगा वाजला आणि शिवकांताबाई घागर घेऊन धावल्या. सिंधूनं खुरपं घेतलं. अंगणात कुठंही मारलं तरी ठणकन वाजेल अशी जमीन, पण मोगऱ्याच्या बुडाशी खुरपं लोण्यात गेल्यासारखं गेलं. आतली माती गार होती. तिनं टोपडं सुयांसकट त्या खड्ड्यात ठेवलं.

"आक्का, हे तुझ्या लेकराचं. आधी तू घे."

'मग मी' तिनं गिळलं. माती लोटली, हात पुसले आणि ती लेकीजवळ जाऊन पडली. खूप दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. पाळण्यात लेक शांत झोपली होती आणि तिच्या डोक्यावर निळं टोपडं होतं. बंद बरोबर हनुवटीखाली बांधलेले. दोन्ही सुया उशाशी नीट जोडून ठेवलेल्या.

सिंधूनं आधी लेकीचं कपाळ चाचपलं. कपाळ ऊबदार होतं. मग तिनं टोपड्याला हात लावला. वैशाखाच्या त्या उकाड्यात ते गार होतं. राहिलेल्या ओळी पुऱ्या झाल्या होत्या, टाके बंद केलेले होते. सुरुवातीला सैल, मध्ये आवळ, आणि शेवटाला परत सैल. टाक्यांच्या फटीत मातीचे कण अडकले होते.

"अगं बाई, पुरं केलंस की!" शिवकांताबाई दारात येऊन म्हणाल्या. संधिवातानं त्यांची बोटं इतकी वाकडी झाली होती की वेणीसुद्धा सुमनबाई घालून द्यायच्या. "कवा केलंस? आन लोकर कुठं घावली?"

सिंधूनं लेकीला उचललं आणि ती परसात गेली. मोगऱ्याखाली सासूबाईंनी घोंगडी अंथरून ठेवली होती. काल लोटलेली माती तशीच होती, वर हाताचा ठसासुद्धा. सिंधू घोंगडीवर गुडघे टेकून बसली, पण लेकीला तिनं खाली ठेवलं नाही. नुसतं तिचं तोंड मोगऱ्याकडं वळवलं.

"आक्का, आधी तू बघ."

"बघ न्हाई," मागून शिवकांताबाई म्हणाल्या. "घे म्हण."

"आधी तू बघ," सिंधू परत म्हणाली. या खेपेला तिला रडू आलं.

लेकीनं डोळे उघडले. मोगऱ्याच्या वर, उभ्या बाईचं तोंड असतं तितक्या उंचीवर ती टक लावून बघत राहिली. सिंधूनं तिला घट्ट धरलं होतं.