मी आहे ना

माझ्या वर्गातल्या मुंगीचे वडील पहिल्या बाकावर बसले होते. बाक दहा वर्षांच्या मुलांच्या मापाचा, त्यामुळे त्यांचे गुडघे पार छातीशी आले होते. शिलाई मशिनं दुरुस्त करणारा माणूस. बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं. पत्राला डाग लागू नये म्हणून त्यांनी ते रुमालात धरलं होतं.

"बाई, आता तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "हिची आई म्हणते पाठवू या. मला काही सुचत नाही. मशीन असतं तर उघडून बघितलं असतं, कुठं अडतंय ते. यातलं मला काय कळतंय? तुम्ही सांगाल तसं."

पत्र शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या खासगी शाळेचं होतं. त्यांच्या परीक्षेत मुंगी पहिली आली होती. पाचवीपासून शेवटच्या वर्गापर्यंत फी, पुस्तकं, गणवेश, बस, सगळं मोफत. अट एकच, प्रवेश फक्त पाचवीत. नंतर कुठल्याही वर्गात नाही. महिनाअखेरपर्यंत कळवा.

त्या परीक्षेचा फॉर्म मीच भरून दिला होता. आपली मुलगी त्या लोकांच्या मुलांपुढे कशी ठरते, एवढंच मला बघायचं होतं. निकाल लागला तेव्हा माझ्याच अंगावर मूठभर मांस चढलं. हेडमास्तरांना सांगितलं, शिपायाला सांगितलं, भाजीवाल्यालासुद्धा सांगितलं. पहिली आली तर ती मंडळी तिला बोलावतील, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सव्वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला इतका साधा हिशोब सुटू नये!

मुंगीचं हजेरीतलं नाव चांगलं लांबलचक होतं. पण मूठभर जीव आणि एका जागी बसायचं नाव नाही, म्हणून वर्गाने तिला मुंगी केलं आणि मीही तेच धरलं. तिसरीत असताना मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाई, पुस्तकातलं उत्तर चुकलंय." मी म्हटलं, "पुस्तक चुकत नसतं. जा, डबा खा." ती गेली नाही. तिथंच फळ्यावर तिने भागाकार करून दाखवला. पुस्तक चुकलं होतं. सहा वर्षं मी ते चुकीचं उत्तर वर्गात ठणकावून सांगत आले होते.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर तासभर आम्ही दोघी बसू लागलो. मी माळ्यावरची कॉलेजातली पुस्तकं काढली, पहाटे उठून अभ्यास करू लागले. एक कोडं घातलं की ती आधी एकदम थांबायची. डोळे, हात, सगळं स्थिर. मग खुदकन हसायची आणि उत्तर सांगून मोकळी. कसं आलं ते लिहायला लावलं की वैतागायची. मी इतकी वर्षं या शाळेत येत होते, पण यायची ओढ म्हणाल तर ती मुंगीमुळे लागली. घरी माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. हे मी त्या वेळी स्वतःलाही कबूल केलं नसतं.

तर वडील माझ्या तोंडाकडे बघत होते. मी चष्मा काढून पुसला. विचार करते आहे असं दाखवायला ते बरं पडतं.

"जायला दीड तास, यायला दीड तास," मी म्हटलं. "एवढासा जीव दमून जाईल. शिवाय ती मुलं वेगळ्या घरातली. कुणी बुटांवरून बोलेल, कुणी डब्यावरून. इथं ती सगळ्यांची लाडकी आहे. आणि गणिताचंच म्हणाल, तर मी आहे ना."

त्यांच्या खांद्यांवरचं ओझंच उतरलं. "मग मिटलं," ते उठत म्हणाले. "माझ्याही मनात तेच होतं बाई. पण आपलं कोण ऐकतंय!"

यात खोटं काहीच नव्हतं. बस खरी, बूट खरे, मी तर खरीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाता जाता मुंगीची आई आली. ती दवाखान्याच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या करायच्या कामावर होती. वर्गात आली नाही, दाराशीच उभी राहिली.

"तिथं प्रयोगशाळा आहे म्हणे. ही सारखी तेच बोलते."

"आहे ना. पण पोरगी हुशार असली की कुठंही शिकते हो."

"ते झालंच. पण तुम्ही असणार ना बाई? सातवीपर्यंत? तुम्ही आहात म्हणून आम्ही थांबतोय."

"अहो, मी कुठं जाते?"

या शाळेत मला सात वर्षं झाली होती. सात झाली की बदलीच्या यादीत नाव येतं, हे आमच्यातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. हेडमास्तर म्हणाले होते, "तुमचं नाव नाही येणार, मी बघतो." ते असं सगळ्यांनाच म्हणायचे. मला विश्वास ठेवायचा होता, मी ठेवला. मुंगीच्या आईला मात्र मी हे सांगितलं नाही.

मुंगीला कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्या संध्याकाळी मी विचारलं.

ती म्हणाली, "तिथले गणिताचे सर तुमच्यापेक्षा हुशार आहेत का?"

"हुशारी अशी मोजता येते का गं?"

"मग तुम्ही पण चला ना तिकडे."

मी हसले आणि वही पुढे सरकवली. ते सर माझ्यापेक्षा खूप शिकलेले होते, दोन पुस्तकं होती त्यांच्या नावावर. 'हो, आहेत' एवढंच म्हणायचं होतं.

मुंगी पाचवीत गेली आणि पाचव्या महिन्यात बदल्यांची यादी आली. माझं नाव तिसरं होतं. नवी शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला. हेडमास्तरांनी हात वर केले. मी खात्याच्या कार्यालयात तीनदा गेले. खिडकीतला कारकून भला माणूस होता. "बाई, आजारपण आहे का? घरात कुणी म्हातारं? मग कारण काय लिहू?" मी म्हटलं, "एक विद्यार्थिनी आहे." त्याने पेन खाली ठेवलं. तसा रकाना नव्हता.

मग मी त्या खासगी शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. मुंगीचा पेपर त्यांना अजून आठवत होता. "आम्ही दोनदा फोन केला होता पालकांना," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं, आमच्या बाई तिथं आहेत." तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली होती. सहावीत ते कुणालाच घेत नाहीत. मी विनवण्या केल्या, आवाजही चढवला. त्या शांतपणे ऐकत राहिल्या आणि मला फाटकापर्यंत सोडायला आल्या.

मुंगीच्या घरी जाऊन सांगायला मला चार दिवस लागले. एकच खोली, कोपऱ्यात उघडून ठेवलेलं मशीन. वडील म्हणाले, "जाऊ द्या बाई. तुम्ही तरी काय करणार? वरून हुकूम आला म्हणजे आला." आई कपड्यांच्या घड्या करत होती. तिने मान वर केली नाही.

"तुम्हाला माहीत होतं का?" तिने विचारलं.

"यादी निघते दर वर्षी," मी म्हटलं.

तिने हातातल्या फ्रॉकची घडी नीट केली, ढिगावर ठेवली आणि पुढचा कपडा उचलला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. वडील मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. वाटेत दोनदा "तुमचे उपकार" असं म्हणाले, आणि माझी मान वर होईना.

सुरुवातीला मी ठरवलं होतं, दर रविवारी जायचं. तीन रविवार गेले. मग नव्या शाळेची कामं लागली, मग माझे गुडघे. कारणांना काय तोटा!

वर्षाने जुन्या शाळेत एका सहीसाठी जावं लागलं. सही झाली आणि पाय आपोआप सहावीकडे वळले. नवे सर तरुण होते. दोन वर्ग एकत्र करून त्यांच्या गळ्यात टाकलेले, घसा बसलेला. वाईट म्हणण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतं. मुंगी तिसऱ्या रांगेत होती. उंच झाली होती, वेणी घट्ट. शांत बसली होती. सरांनी तिला माझ्याबरोबर व्हरांड्यात पाठवलं.

"कशी आहेस गं?"

"बरी आहे, बाई."

"गणित?"

"चालू आहे." मग ती म्हणाली, "मी आता हळू करते. लवकर झालं की सर पहिलीच्या वर्गावर बसवतात. त्यांच्या बाई नसतात ना."

पिशवीत एक कोडं होतं. तिच्यासाठीच लिहून आणलं होतं, आणि हातून देववेल की नाही याची खात्री नव्हती. चांगलं अवघड होतं. मलाच दोन दिवस लागले होते. मी कागद तिच्यापुढे धरला.

तिने वाचलं. तिचे डोळे थांबले, हात थांबला. उत्तर आलं होतं तिला. ते मी कुठंही ओळखलं असतं.

ती हसली नाही. कठड्यावर कागद ठेवून तिने पेन्सिल घेतली आणि वर 'दिलेली माहिती' असं लिहिलं. खाली रेघ मारली. मग पहिली पायरी लिहिली, सुवाच्य अक्षरात, आणि पेन्सिल उचलून माझ्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिने दुसरी पायरी लिहिली आणि पुन्हा बघितलं. मी मान हलवली. मी मान हलवेपर्यंत ती पुढच्या ओळीवर जात नव्हती. अशा अकरा ओळी झाल्या.